दंड भरला, डाग राहिला

आपल्या देशात गुन्ह्याची शिक्षा मुदतीची असते, गुन्ह्याची नोंद मात्र आजन्म असते. दंडाधिकारी पाचशे रुपये दंड ठोठावतात, आरोपी तो खिडकीवर भरून पावती घेतो आणि न्यायालयाच्या लेखी प्रकरण मिटते. परंतु त्या पावतीमागे एक दुसरी शिक्षा दडलेली असते. ती कोणत्याही न्यायाधीशाने ठोठावलेली नसते, तिला मुदत नसते आणि तिच्याविरुद्ध दाद कोठे मागावी हे कोणी सांगत नाही. नोकरी मागताना, परदेशी जाताना, कधी घर भाड्याने घेताना ती पुन:पुन्हा भोगावी लागते. ही दुसरी शिक्षा अन्यायाची आहे. क्षुल्लक अपराधाची नोंद काही वर्षांनी पुसण्याची वाट कायद्यानेच मोकळी केली पाहिजे आणि तोवर प्रत्येक सामान्य माणसाच्या शेजारी पहिल्याच दिवशी वकील उभा राहिला पाहिजे, एवढेच आम्हांस येथे सांगायचे आहे. मात्र ते मुळमुळीतपणे सांगण्याची आमची इच्छा नाही.

गिरगावातील खोताच्या वाडीत राहणाऱ्यांस हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. या वाडीतील आणि आसपासच्या ख्रिस्ती घरांतून पिढ्यान्पिढ्या माणसे जहाजावर गेली, आखातात गेली, पुढे कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली. लाकडी जिन्यांच्या त्या जुन्या घरांत जे चार पैसे आले, त्यांतील बरेचसे अशा नोकऱ्यांतून आले. आणि अशा प्रत्येक नोकरीच्या दारात आज एक कागद मागितला जातो, पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. तो कोरा असेल तर दार उघडते. त्यावर एक ओळ असेल तर ती ओळ किती जुनी आहे आणि कशाबद्दल आहे, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

आमच्या माहितीतील एका तरुणाचे उदाहरण देतो. त्याचे नाव, गल्ली आणि वर्ष सांगण्याचे कारण नाही. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी फुटबॉलच्या सामन्यावरून त्याचे शेजारच्या मुलाशी भांडण झाले. ओठ फुटला, शर्ट फाटला, घरचे वडीलधारे चौकीवर गेले आणि वाट अडवणे, साधी मारहाण व शिवीगाळ अशी कलमे लागली. पहिल्या तारखेला न्यायालयाच्या व्हरांड्यात कोणी तरी जाणत्याने सल्ला दिला, "कबूल करून टाक, दंड भर आणि संध्याकाळी घरी जा. तारखांना किती वर्षे फिरशील?" त्याने कबूल केले. पाचशे रुपये दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद, अशी शिक्षा झाली. संध्याकाळी तो खरोखरच घरी गेला. ज्याच्याशी भांडला तोच मुलगा पुढे त्याचा जिवलग मित्र झाला, त्याच्या लग्नात वराचा साक्षीदार म्हणून वेदीजवळ उभा राहिला. आठ वर्षांनी प्रवासी जहाजावरील स्वयंपाकघरात नोकरी ठरली, वैद्यकीय तपासणी झाली, बॅग भरली आणि पोलिसांच्या दाखल्यावर ती ओळ उमटली. नोकरी गेली.

आता या प्रकरणात वकिलाने पहिल्याच दिवशी काय केले असते ते पाहा. लागलेली तिन्ही कलमे तडजोडीस पात्र होती. ज्याला मार बसला त्याने न्यायालयात येऊन "आमचे मिटले" एवढे सांगितले असते तर पुरे होते, कारण कायद्याप्रमाणे अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा होतो. ते जमले नसते तर १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचा आधार होता. त्याखाली न्यायाधीश पहिल्या लहान अपराधाबद्दल समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतात आणि त्याच कायद्याचे बारावे कलम सांगते की, अशा रीतीने सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होऊ नये. दोन्ही वाटा सरकारी खर्चाने छापलेल्या पुस्तकांत होत्या. व्हरांड्यातील जाणत्याला त्या ठाऊक नव्हत्या आणि मुलाच्या शेजारी वकील नव्हता. कबुली दिल्यावर तर परतीची वाटही जवळजवळ बंद होते, कारण कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील करायचे तर शिक्षा किती आणि ती कायदेशीर की नाही एवढ्यापुरतेच करता येते, आणि किरकोळ शिक्षा असेल तर तेही नाही. पाचशे रुपयांत त्या मुलाने काय विकले, हे त्याला आठ वर्षांनी कळले.

पुढे एका वकिलांनी शुल्क न घेता हे प्रकरण हाती घेतले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ग्यानसिंग खटल्यात असे ठरवले आहे की, खून, बलात्कार, दरोडा यांसारखे घोर गुन्हे वगळता व्यक्तिगत स्वरूपाच्या भांडणात तडजोड झाली असेल तर उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात खटला रद्द करू शकते. २०२१ साली रामगोपाल खटल्यात त्याच न्यायालयाने योग्य प्रकरणी हा अधिकार शिक्षा झाल्यानंतरही वापरता येतो असे स्पष्ट केले. या निकालांच्या आधारे, मित्राचे प्रतिज्ञापत्र जोडून, अर्ज झाला. अकरा महिन्यांनी शिक्षा रद्द झाली. आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन वकील स्वत: पोलीस ठाण्यात गेले तेव्हा कोठे तेथील नोंद सुधारली. तरुण सुटला खरा, पण जहाज केव्हाच गेले होते. शिवाय तो सुटला तो एका सज्जन वकिलाची गाठ पडली म्हणून, आणि मित्र मुंबईतच होता म्हणून. मित्र परदेशी असता किंवा मनात अढी धरून बसला असता तर? ज्याला अशी गाठ पडत नाही त्याने काय करावे? न्याय हा ओळखीपाळखीवर मिळू लागला की त्याला न्याय म्हणायचे की मेहेरबानी?

येथे कोणी म्हणेल, "प्रत्येकाने उच्च न्यायालयात जावे, दार उघडेच आहे." खोताच्या वाडीतून फोर्टातील त्या दगडी इमारतीपर्यंत पायीही जाता येते, हे खरे. परंतु टंकलेखन, प्रती, शपथपत्रे आणि बुडालेल्या रोजंदाऱ्या मोजल्या तर ते अंतर फार मोठे होते. उच्च न्यायालयाचा असाधारण अधिकार असाधारण प्रसंगासाठी आहे. पाचशे रुपयांच्या दंडाचा डाग धुण्यासाठी राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाकडे जावे लागणे, हेच मुळी व्यवस्थेच्या अपयशाचे लक्षण होय.

मग कायद्यात अशी नोंद पुसण्याची काहीच सोय नाही काय? आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. बालन्याय कायदा, २०१५ च्या चोविसाव्या कलमाने अल्पवयीन मुलाच्या अपराधाची नोंद ठरावीक काळानंतर नष्ट करावी असे सांगितले आहे. सोळा वर्षांवरील ज्या मुलावर घोर गुन्ह्याबद्दल प्रौढ म्हणून खटला चालला त्याचा अपवाद आहे. २०२२ च्या फौजदारी ओळखविषयक कायद्याने बोटांचे ठसे, छायाचित्रे इत्यादी मापे पंचाहत्तर वर्षे जपून ठेवण्याची तरतूद केली. पूर्वी दोषी न ठरलेला माणूस निर्दोष सुटला तर ती नष्ट करावीत, असेही त्यात आहे, पण न्यायालयाने कारणे नोंदवून वेगळा आदेश दिला तर तेही नाही. १ जुलै २०२४ पासून देशात नव्या फौजदारी संहिता लागू झाल्या, काही किरकोळ अपराधांसाठी समाजसेवेची शिक्षा आली, तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु अठरा वर्षे उलटलेल्या माणसाने एकदा दंड भरला आणि पुढे दहा वर्षे सरळ वागला, तर ती नोंद मागे घ्यावी, असे सर्वसाधारण कलम या नव्या संहितांतही नाही. परिवीक्षा कायद्याच्या बाराव्या कलमाचा आम्ही वर गौरव केला, पण त्याचीही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली बक्षीराम खटल्यात दाखवून दिली. अपात्रता टळते, दोषसिद्धी पुसली जात नाही.

आता दुसऱ्या बाजूस पाहा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ प्रमाणे दोन वर्षे वा अधिक कैद झालेला माणूस सुटकेनंतर सहा वर्षांनी पुन्हा निवडणूक लढवू शकतो. त्याहून कमी शिक्षा असेल तर, कायद्यात नावाने दिलेले काही गुन्हे सोडता, त्याला अडवणारे कोणीच नाही. पासपोर्ट कायदा, १९६७ देखील नैतिक अध:पतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षांची कैद झाली असेल तर फक्त गेल्या पाच वर्षांपुरतेच मागे पाहतो. म्हणजे विधानसभेत बसून कायदे करणाऱ्यास कालमर्यादा आहे, पण त्याच इमारतीत शिपाई होऊ पाहणाऱ्यास ती नाही. २०२३ साली संसदेने 'जनविश्वास' कायदा करून ४२ कायद्यांतील १८३ तरतुदींचे फौजदारी स्वरूप काढून टाकले किंवा सौम्य केले. व्यापार-उद्योगाला तुरुंगाची भीती नको, असा त्यामागील विचार होता. विचार चांगला आहे. आमचा प्रश्न एवढाच की, कारखानदारावर टाकलेला हा विश्वास कारखान्याच्या रखवालदाराच्या वाट्याला कधी यायचा?

मुंबईचा इतिहासही हेच सांगतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली या शहरात असंख्य माणसांवर खटले झाले, त्यांत आमच्या समाजातील लोक कमी नव्हते. लग्नासाठी घरात गाळलेली दारू असो, की विधवेने पोटासाठी चालवलेला चोरटा गुत्ता असो, पोलिसांची वहीत नोंद होई. (दारूच्या व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही जवळून पाहिली आहेत. येथे त्या धंद्याची भलावण नाही.) पुढे नियम सैल झाले, परवाने निघाले, आणि काल जो अपराध होता तो आज महसूल झाला. पण कायदा बदलला म्हणून त्याखाली आधी झालेली शिक्षा आपोआप पुसली जात नाही, हे आपल्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. याच काळातील दुसरे चित्र वाचकांस ठाऊकच असेल. नौदलातील कमांडर कावस नानावटी याच्या हातून १९५९ साली खून झाला, १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप कायम केली आणि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यास माफी दिली. पुढे तो कुटुंबासह कॅनडात स्थायिक झाला. त्या माणसास दयेचा अधिकार नव्हता असे आम्ही म्हणणार नाही, दया कोणालाही मिळो. पण वृत्तपत्रे, नामांकित वकील आणि राजभवन ज्याच्यासाठी हलते त्याच्या खुनाला माफी, आणि ज्याच्यासाठी कोणीच हलत नाही त्याच्या फाटक्या शर्टाला नाही, हा हिशेब कोणत्या तराजूवर बसवायचा?

अगदी अलीकडचा दाखला हवा असल्यास २०२० सालच्या टाळेबंदीचा घ्यावा. जमावबंदी व संचारबंदी मोडल्याबद्दल भारतीय दंडसंहितेच्या कलम १८८ खाली महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक गुन्हे नोंदवले गेले. कोणी औषधाला बाहेर पडला होता, कोणी दूध घ्यायला, कोणी निव्वळ कंटाळून. पुढे नोकरी व पासपोर्टाच्या पडताळणीत तरुणांची अडवणूक होऊ लागली, तेव्हा मार्च २०२२ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी हे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. निर्णय योग्यच होता. पण खटला मागे घेणे म्हणजे सरकारी वकिलाने अर्ज करणे आणि न्यायालयाने संमती देणे, आणि हे निकालापूर्वीच शक्य असते. ज्याने निमूटपणे गुन्हा कबूल करून दंड भरला त्याचा निकाल लागून चुकला होता, त्याच्यासाठी मागे घेण्यासारखे काही उरलेच नव्हते. म्हणजे ज्याने तारखांना टाळाटाळ केली तो निष्कलंक ठरणार आणि ज्याने पहिल्याच दिवशी मान तुकवली तो गुन्हेगार राहणार! आज्ञाधारकपणाचे असे बक्षीस देणाऱ्या राज्याने उद्या नागरिकांकडून आज्ञाधारकपणाची अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करावी?

आमच्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो यावाच. समाजाला स्वत:चे रक्षण करण्याचा हक्क नाही काय? शाळेने शिपाई नेमताना, आईने मुलाला सांभाळायला बाई ठेवताना, पूर्वेतिहास पाहू नये काय? पाहावा, अवश्य पाहावा. मुलांवरील अत्याचार, बलात्कार, खून, संघटित गुन्हेगारी यांच्या नोंदी पुसाव्यात, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. ख्रिस्तसभेने या बाबतीत मोठी किंमत मोजली आहे. २००२ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे उघडकीस आलेल्या प्रकरणांनी जगाला दाखवले की, मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंच्या कागदांवर पांघरूण घालून त्यांना एका पॅरिशमधून दुसरीकडे पाठवणे याला क्षमा म्हणत नाहीत, तो दुसरा अपराध असतो. म्हणूनच आम्ही लपवण्याची मागणी करीत नाही. लपवणे अंधारात होते, पुसणे उजेडात व्हावे: कायद्याने ठरवलेल्या मुदतीनंतर, ठरवलेल्या अपराधांपुरते, न्यायाधीशांसमोर. ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे. इंग्लंडात दंडाची शिक्षा आज एका वर्षानंतर सरलेली मानली जाते आणि साध्या नोकरीच्या अर्जात ती सांगावी लागत नाही. मुलांशी संबंधित कामांसाठी मात्र वेगळे, कडक नियम आहेत. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे तेथे पन्नास वर्षे दिसते आहे.

आपल्या न्यायाधीशांनाही हे उमगलेले नाही असे नव्हे. दिल्ली पोलीस दलात भरती होऊ पाहणाऱ्या एका तरुणाच्या प्रकरणात २०११ साली न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या ज्याँ वाल्ज्याँची आठवण काढली. भुकेल्यांसाठी पाव चोरणाऱ्या त्या माणसावर चोराचा शिक्का जन्मभर राहिला, तसे तरुणांचे होऊ नये, असा त्या निकालाचा रोख होता. २०१६ साली अवतारसिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने क्षुल्लक प्रकरणाकडे मालकाने उदारपणे पाहावे यास वाव ठेवला, पण उमेदवाराने सारे खरे सांगितले तरी त्याला नेमण्याचे बंधन मालकावर नाही, हेही सांगितले. म्हणजे पुन्हा मेहेरबानीच! न्यायमूर्तींच्या सहृदयतेबद्दल आम्हांस आदर आहे, पण कलमात नसलेली दया माणसागणिक बदलते.

धर्मगुरू म्हणून एक गोष्ट येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पॅरिशच्या कचेरीत नोंदवह्या पुष्कळ असतात. स्नानसंस्काराची असते, विवाहाची असते, मृत्यूची असते. शंभर वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचा दाखला हवा तर तोही जुन्या वहीत शोधता येतो. पापनिवेदनाची वही मात्र कोठल्याही चर्चमध्ये नाही, कधीच नव्हती. जे सांगितले, ज्याचे प्रायश्चित्त झाले, त्याचा दाखला काढता येत नाही. शुभवर्तमानात प्रभू येशूने काही लिहिल्याचा उल्लेख एकदाच येतो. दगड हाती घेतलेल्या जमावासमोर त्याने लिहिले, आणि तेही जमिनीवर, धुळीत. राज्याने धर्मसंस्थेचे नियम उचलावेत असे आम्ही सुचवीत नाही, राज्याला वह्या ठेवाव्याच लागतात. पण जे भक्तजन रविवारी उधळ्या पुत्राचा दाखला भक्तिभावाने ऐकतात आणि सोमवारी आपल्या दुकानातील पोऱ्याला जुन्या भांडणाच्या एका ओळीवरून घरी पाठवतात, त्यांना मात्र आम्ही विचारतो: त्या कथेतील थोरला भाऊ कोण, हे तुम्ही कधी ओळखले काय?

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. कायदेमंडळाने दंड व अल्प कैदेच्या शिक्षांना ठरावीक निष्कलंक वर्षांनंतर सरलेल्या ठरवणारा कायदा करावा. पडताळणीच्या दाखल्यात निर्दोष सुटलेल्या व रद्द झालेल्या प्रकरणांचा उल्लेख नसावा. सरकारने खटले मागे घेताना दंड भरून मोकळे झालेल्यांसाठीही वाट काढावी. आणि दंडाधिकाऱ्यांनी कबुली नोंदवण्यापूर्वी आरोपीस त्याच्या भाषेत सांगावे की, बाबा रे, ही कबुली तुझ्या कागदावर राहणार आहे.

या गोष्टी दिल्ली-मुंबईच्या सभागृहांत व्हायच्या, त्यांना वेळ लागेल. एक गोष्ट मात्र आपल्याच हाती आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अटकेतील माणसे आणि अल्प उत्पन्नाचे नागरिक यांना फुकट वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. तो मागायचा असतो, हे किती जणांस ठाऊक आहे? आमच्या समाजात वकील कमी नाहीत. त्यांनी महिन्यातून एक रविवार मिस्सानंतर चर्चच्या सभागृहात तासभर टेबल टाकून बसावे. जात-धर्म न विचारता वाडीतील, चाळींतील कोणीही यावे, समन्स दाखवावे, जुना कागद दाखवावे. आणि प्रत्येक आईवडिलांनी मुलांस एवढे शिकवून ठेवावे की, न्यायालयाच्या व्हरांड्यात कोणी "कबूल कर आणि सुट" म्हणाले तर उत्तर द्यावे, "आधी वकिलांना विचारतो." या दहा अक्षरी धीराने कित्येकांचे जहाज चुकायचे वाचेल.